आज्जा तुमचा, फोटो माझा

भाकरी तव्यावर, पोरगी पिठात आणि मोबाईलवर तांबडी चौकट. वाचाय गेले तर पयलाच शब्द 'उल्लंघन'. माझी नववीपर्यंत शाळा झाल्या, तरी चांगल्या गोष्टीला कुणी तांबडी चौकट करत न्हाय एवढं कळतंय. खाली लिवलेलं, 'आपण चढवलेली छायाचित्रे इतरांच्या मालकीची असून आपण ती स्वतःच्या नावे नोंदवली आहेत असा संशय आहे. तीन दिवसांत समाधानकारक खुलासा न आल्यास ती काढून टाकण्यात येतील व आपले खाते बंद करण्यात येईल.' खातं म्हटल्यावर मला बँकेतलंच आठवलं, ह्यांचा फौंड्रीतला पगार तिथंच जमा हुतोय, आणि तव्यावरची भाकरी तशीच ऱ्हायली.

भाईरनं आत्तीची हाक आली. आत्ती म्हणजे माझी सासू, सोप्यात लसूण सोलत बसलेली.

"काय जळतंय गं?"

"काय न्हाय आत्ती."

आणि मी मोबाईल जोंधळ्याच्या डब्यात कोंबला. का कोंबला इचारू नका. पोलीस आला तर पयला मोबाईल मागंल, एवढंच सुचलं. आणि पोलीस तरी कुठला येणार? आम्ही ऱ्हाणार बेळगावात, लिवणार मराठीत, मोडणार कर्नाटकात, आणि ती वेबसाईट तर कुठल्याच गावची न्हाय. तेवढ्यात मोबाईल डब्यात थरथराय लागला. अंगात आल्यागत डबा फळीवर सरकत निघाला.

"डब्यात काय हाय गं?"

"किडं झाल्यात, आत्ती."

"एवढं मोठं?"

हे सगळं ज्यांच्यापायी झालं ते खाली आपल्या दुकानात निवांत काच पुसत बसलेलं. ते आमचं घरमालक. त्यांचं नाव मी सांगणार न्हाय. का न्हाय ते फुडं कळंल, सगळी गोम तिथंच हाय. शहापूरची सगळी गल्ली त्यांना फोटोआप्पा म्हणायची, मीबी तेच म्हणत्ये.

शहापुरात त्यांचं घर. वर दोन खोल्या, त्या आम्हाला भाड्यानं. खाली त्यांचा स्टुडिओ, तो बंद पडून लई वर्सं झालेली, पण आप्पा रोज सकाळी फळ्या काढून दुकान उघडायचे, अगरबत्ती लावायचे, आणि कुणी गिऱ्हाईक यायच्या आत बंद करायचे. "आलं तर नको म्हणावं लागतंय," म्हणायचे, "त्यापेक्षा गाठच नको."

खोली बघायला पयल्यांदा आलते तेव्हा मी पाचव्या म्हयन्याची गरवार. स्टुडिओत खुंटीवर एक काळा कोट दिसला, छातीवरचं दुसरं बटण गेलेलं, आणि मी तिथंच थांबले. म्हणलं, "हा तर माझ्या आज्ज्याचा कोट."

माझं माहेर निपाणीकडं. आमच्या घरात सोप्यातच आज्ज्याचा फोटो, गळ्यात हार, अंगात काळा कोट, दुसरं बटण न्हाय. ल्हानपणापास्नं बघत आले. आज्जा तंबाखूच्या रानात राबणारा माणूस, त्यानं कोट कवा शिवला, आणि शिवला तर गेला कुठं, ह्यावर आमच्या घरात भांडणं झाल्यात. थोरल्या काकानं लांबवला असं माझी आई मरूस्तोवर म्हणत हुती.

फोटोआप्पांनी चष्मा वर केला. "निपाणीची काय?"

"व्हय."

"तंबाखूच्या दिसात मी तिकडं यायचो. ट्रंकंत कोट आणि पाठीवर कॅमेरा. कोट माझा. आज्जा तुझा." जरा थांबून म्हणले, "फोटोबी माझा."

तसं हे त्यांचं वाक्यच हुतं. आज्जा तुमचा, फोटो माझा. बेळगुंदीपास्नं चिक्कोडीपातुर जेवढी म्हणून माणसं त्यांनी फोटोत धरली, ती सगळी त्या एका कोटात. शेतकरी त्याच कोटात, यापारी त्याच कोटात, लग्नातला नवरा आणि नवऱ्याचा बा, दोघंबी त्याच कोटात, एक झाल्यावर एक. कोट बारक्याला ढगळ व्हायचा म्हणून मागनं चिमटं लावायचं, आणि जाडजूड असला की मागनं उसवूनच ठेवलेला, फोटोत काय पाठ दिसती?

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे हसू द्यायचे न्हायत. "हसलेला माणूस भिताडावर बरा दिसत न्हाय," म्हणायचे. कारण त्यांच्या हिशेबानं कुठलाबी फोटो शेवटी हार घालायलाच. म्हणून डोक्याच्या वर वीतभर जागा सोडायचे. आणि सोडलेली गुमान ठेवायचे न्हायत, सांगायचे. नवरानवरी पाटावरनं उठून फोटोला हुबी ऱ्हायली, अंगावरची हळद वाळली न्हाय, आणि हे कॅमेऱ्यातनं डोस्कं काढून म्हणणार, "बरोबर हाय. वर जागा सोडल्या हाराला." कुठं कुठं मार खाता खाता वाचल्यात म्हणं.

फोटोच्या खाली पांढरी पट्टी, पट्टीवर स्टुडिओचा शिक्का. त्या पट्टीवर त्यांचा सगळा जीव. कुणाच्या घरी मयताला गेले, बाराव्याला गेले, तर गेल्या गेल्या हात फोटोला जोडायचे न्हायत. आधी वाकून फ्रेमची खालची कड बघायचे. पट्टी कापून फ्रेम केली असली की संपलं. तिथंच, रडणाऱ्या बायकांच्या फुडं, "कुणी कापली?"

एकदा चिक्कोडीकडं एका जैन यापाऱ्याच्या घरी असंच झालेलं, ते आत्तीनं मला सांगिटलं, आत्तीला गल्लीनं. त्यांनी आप्पांनी काढलेला म्हाताऱ्याचा फोटो दुसऱ्या स्टुडिओत देऊन मोठा करून आणलेला, खाली दुसऱ्याचाच शिक्का. आप्पा उंबऱ्यावर बसले. "अज्ज निम्माव, फोटो नंदु," त्यांना कळावं म्हणून कानडीत. घरच्यांनी चहा आणला. आप्पा म्हणले, निषेध हाय, चहा घेणार न्हाय. घरची म्हातारी म्हणली, उन्हातनं आलायसा, घ्या. तवा आप्पांनी चहा घेतला, पण बिनसाखरेचा. तवापास्नं कशाचाबी राग आला की आप्पांचा चहा बिनसाखरेचा. माझ्याकडनं चहा वर मागवायचे तेव्हा गल्ली मला इचारायची, "आज साखर हाय का न्हाय गं?" म्हणजे आप्पांशी बोलावं का नको ते ठरवायला.

आता ती वेबसाईट. वाचनालयातल्या मॅडम एकदा आप्पांकडं आल्या. म्हणल्या, एक वेबसाईट हाय, सगळ्यांनी मिळून लिवायची, कुणाचीच मालकी न्हाय, प्रत्येक गावाचं एक पान. बेळगुंदीच्या पानावर एक जुना फोटो हाय, तो तुमचा वाटतोय.

मोबाईल माझाच हुता, मीच उघडून दाखवला. बेळगुंदीचं, म्हणजे आमच्या सासरच्या गावचं भजनी मंडळ, देवळाच्या पायरीवर, कोण टाळ घेऊन, कोण वीणा. कोट एकच असल्यानं फुडं बसलेल्याच्या अंगात. आणि फुडं मृदंग घेऊन बसलेलं ते माझं मामंजी, आत्तीचा नवरा. तीन वर्सं झाली त्यांना जाऊन. आत्तीनं पदर तोंडाला लावला. आप्पांना ते काय दिसलं न्हाय. त्यांनी दुकानातलं भिंग काढून फोटोच्या खाली धरलं आणि मला म्हणले, "काय लिवलंय वाच."

"छायाचित्रकार, अज्ञात."

"म्हंजे?"

"म्हंजे म्हाईत न्हाय कोण ते."

"मी हितं बसलोय," आप्पा म्हणले, "आणि मी अज्ञात?"

त्या दिवशी चहा बिनसाखरेचा. दुसऱ्या दिवशीबी. मॅडमनी समजावून सांगिटलं, आप्पा, तुमचे सगळे फोटो तिथं घाला, खाली तुमचं नाव ऱ्हाईल. पण एक हाय, मग फोटो कुणीबी घेऊन वापरू शकतंय, इचारायचं न्हाय, निस्तं नाव घालायचं. आता ज्या माणसानं जल्मभर मयताच्या घरात पट्ट्या तपासल्या, त्याला हे सांगणं म्हणजे बघा. आप्पांनी भिंग पुसून ठेवलं, मग मला म्हणले, चहा आण. मी इचारलं, साखर? म्हणले, "घाल." आणि मॅडमला म्हणले, "फोटो न्या. पट्टी कापू नका."

मग आमचं काम सुरू झालं. पयला भजनी मंडळाचाच फोटो, तो अज्ञातवाला काढून त्या जागी मॅडमनी आप्पांच्या पेटीतला घालाय लावला. आप्पांना मोबाईलातलं दिसत न्हवतं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि कापून घ्यायला तयार न्हायत. म्हणायचे, "डोळ्याला हात लावायच्या आधी माझं काम सरू दे." म्हणून चढवायचं काम माझ्याकडं. पोरगी झालती तवा, दुपारची निजली की मी खाली. आप्पा पेटीतनं फोटो काढून द्यायचे, मी मोबाईलनं त्याचा फोटो काढायची, गावाच्या पानावर घालायची. मॅडमनी सगळं शिकवलेलं. आणि खरं सांगत्ये, मला लई आवडत हुतं. नववीनंतर कुणी मला कायतरी लिव म्हणून सांगिटलंच न्हवतं. ह्यांना मात्र काय बोलले न्हाय. हे म्हणायचे, "मोबाईलवर कायबाय दाबत बसू नको, कोणतरी खातं रिकामं करंल." म्हणून तर त्या खात्याच्या धमकीनं माझं पाणी पाणी झालं.

आणि आता गोम. फोटो चढवताना एक चौकट येती, 'छायाचित्रकाराचे नाव'. ती भरल्याबिगर फुडंच जाऊ देत न्हाय.

आप्पांचं नाव आणि माझ्या मामंजींचं नाव एकच.

आमच्यात सासऱ्याचं नाव सून घेत न्हाय. आता शिकलेल्या पोरी घेत्यात, त्यांच्या नवऱ्याचंबी घेत्यात, कुणाचं काय वाकडं झालं न्हाय, मला म्हाईत हाय. पण मी आत्तीच्या घरात ऱ्हात्ये. आत्ती त्या नावाच्या देवाच्या देवळाला 'पल्याडचं देऊळ' म्हणती. लगीन झाल्यापास्नं ते नाव माझ्या तोंडातनं गेलं न्हाय, आणि लिवणं म्हंजे घेतल्यागतच, उलट जास्तच, बोललेलं हवेत जातंय, लिवलेलं ऱ्हातंय. बरं, स्टुडिओचं नाव लिवावं, तर स्टुडिओच्या नावातबी तेच नाव. तोंड उघडून आप्पांना कसं सांगू? त्यांनी एवढ्या गल्लीतनं लिवायला निवडली ती नेमकी मी.

पयल्या दिवशी बोट त्या चौकटीवर लई वेळ ठेवून बसले. वर आत्ती वाटण वाटत हुती, त्याचा आवाज खाली येत हुता. शेवटी माझं नाव घातलं. म्हणलं, आत्ता फुडं जाऊ, मागनं मॅडमकडनं बदलून घेऊ. मग दुसरा फोटो, मग तिसरा, आणि मग हात आपोआप तेच नाव लिवाय लागला.

आप्पा इचारायचे, "नाव घातलंस न्हवं?"

"घातलं की आप्पा."

म्हणजे खोटं कायच न्हाय.

आता वेबसाईटवरच्या माणसांनी काय बघितलं? माझ्या खात्यावर मी माझी म्हायती लिवलेली, वय वर्सं तेवीस. आणि फोटो माझ्या बा-च्या लग्नाआधीचे. खाली शिक्का तिसऱ्याच माणसाचा. वर सगळी माणसं एकाच कोटात. एकानं तर खाली इचारलेलं, 'हे सर्व गृहस्थ एकाच खात्यातील कर्मचारी होते काय?' त्यांनी चोर म्हणलं तर त्यांचं तरी काय चुकलं?

मोबाईल डब्यातनं काढला, जोंधळं झटकलं, पोरीला काखंत मारलं आणि खाली गेले. पोरीच्या तोंडाला पीठ, माझ्या तोंडाला पीठ. आप्पांना तांबडी चौकट वाचून दाखवली. दुसऱ्यांना पट्टीचोर म्हणण्यात जल्म काढलेला माणूस, त्याच्याच फोटोंवर चोरीचा शिक्का. मला वाटलं आता हे आपल्याला खोली खाली कराय सांगणार.

"नाव कुणाचं घातलंस?"

"माझं."

"तुझं का?"

मी निस्तं वर बोट केलं, माडीकडं. वर भिताडावर मामंजींचा फोटो, आप्पांनीच काढलेला. आप्पांनी वर बघितलं, माझ्याकडं बघितलं. मग त्यांचे ओठ हलले, मनातल्या मनात आपलंच नाव त्यांनी म्हणून बघितलं असणार. आणि आप्पा हसले. मी त्यांना पयल्यांदा हसताना बघितलं. पुढचा एक दात न्हवता. ते म्हणायचे ते खरं हुतं, भिताडावर बरं दिसलं नसतं.

म्हणलं, "आप्पा, तुम्हीच सांगा की ह्या मोबाईलला. हितं माईक दाबून बोललं की आपोआप लिवतंय."

"मी? माझं नाव?" आप्पांचं हसू गेलं. "आपलं नाव आपल्या तोंडानं घेतलं की आयुष्य कमी हुतंय. आई सांगायची. म्हणून तर शिक्का केला."

म्हणजे बघा, ज्या माणसाला सगळ्या मुलखानं आपलं नाव घ्यावं वाटत हुतं, तो स्वतः ते घ्याय तयार न्हाय. म्हणलं मग शिक्क्याचाच फोटो काढून घालू. कागदावर शिक्का मारला, फोटो काढला, चढवाय गेले तर तीच चौकट, 'छायाचित्रकाराचे नाव'. शिक्क्याचा फोटो कोणी काढला? मी. मग घातलं माझं नाव. दुसऱ्या दिवशी त्याच्याखालीबी तांबडी चौकट.

मॅडमना फोन लावला, त्या धारवाडला लेकीकडं गेलत्या. म्हणल्या, "अगं, घाबरतेस काय, पोलीस बिलीस कुणी येत नाही. पण ज्या खात्यावरून फोटो चढवलेत त्याच खात्यावरून खुलासा जायला हवा, अक्षरांत, पूर्ण नावानिशी. उद्या संध्याकाळपर्यंत दे, नाहीतर सगळे जातील." गल्लीतल्या कुणाला बोलवून लिवून घ्यावं, तर सांजच्या आत खडेबाजारात बातमी, शहापुरातली भाडेकरीण फोटो चोरताना घावली. आणि हे हुबळीला, फौंड्रीच्या कामावर. फोन केला असता तर त्यांनी नाव सांगिटलं असतं, बापाचं नाव घ्यायला लेकाला काय? पण त्याच्या आधी काय काय सांगिटलं असतं ते मला म्हाईत हुतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पा वर आले. कवा न्हाय ते वर आले, भाडं सुद्धा ते खालनंच हाक मारून मागायचे. आल्या आल्या मामंजींच्या फोटोकडं गेले, वाकून पट्टी बघितली, पट्टी हुती. मग आत्तीला म्हणले, "वैनी, सुनंला नाव लिवायची परवानगी द्या."

"कसलं नाव?"

"माझं."

"तुमचं तेच ह्येंचं," आत्ती म्हणली. "माझ्या देखत सून ह्येंचं नाव लिवणार? ह्येंच्याच फोटोखाली बसून?"

"फोटो माझा हाय, वैनी."

"माणूस माझा हाय."

मी मधी बसलेली, मांडीवर पोरगी, हातात मोबाईल. आप्पांनी मला म्हणलं, ज्यानं चुकीचं नाव घातलं त्यानंच ते पुसायचं. आत्ती म्हणली, "तू हात लावून बघ." पोरगी भ्याली आणि रडाय लागली, तिच्याबरोबर मीबी. मोबाईल आत्तीच्या फुडं पडला. पडदा उघडाच हुता. भजनी मंडळाचा फोटो, मामंजी मृदंग घेऊन, काळा कोट, आणि त्यांच्या छातीवरनं आडवी तांबडी पट्टी.

"हे काय?"

"आत्ती, सांजला हे काढून टाकणार हायत."

"ह्येंना?"

"सगळ्यांना."

आत्तीनं मोबाईल उचलला. तिला वाचाय येत न्हाय, पण तांबडं कळतंय. लई वेळ बघत बसली. मग म्हणली, "म्हंजे नाव घेतल्याबिगर फुडं सोडत न्हायत."

"न्हाय."

"दारात आडवल्यागत."

"तसंच की."

तुम्हाला म्हाईत असंल, नवी नवरी घरात येताना नणंदा दारात आडव्या हुभ्या ऱ्हात्यात, नवऱ्याचं नाव उखाण्यात घेतल्याबिगर आत सोडत न्हायत. बाईला नवऱ्याचं नाव घ्यायला तेवढीच एक वाट, उखाण्याची. आणि नवरा गेला की तीबी बंद. मामंजी गेल्यापास्नं आत्तीनं उखाणा घेतला न्हवता. कोण घ्या म्हणणार?

आत्ती उठली. डोक्यावरनं पदर घेतला. फोटोआप्पांना म्हणली, "भावजी, तिकडं तोंड करा." आप्पा गुमान भिताडाकडं तोंड करून हुभे ऱ्हायले, मामंजींच्या फोटोफुडं, नाकाला नाक लागंल असे. आत्ती मला म्हणली, "कुठं बोलायचं?" मी माईक दाबला आणि मोबाईल तिच्या तोंडाजवळ धरला. आणि आत्ती नव्या नवरीगत खाली बघून म्हणली,

"शहापूरच्या मागावर चढला मोरपंखी काठ,
... रावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

टिंबं हायत तिथं नाव हुतं. हितं मी लिवणार न्हाय.

पोरगी रडायची थांबली. आप्पा भिताडाकडंच बघत म्हणले, "लई वर्सांनी ऐकलं." त्यांची बायको जाऊन माझं वय झालं असंल. ते कुणाच्या तोंडचं आठवत हुते, मी इचारलं न्हाय.

मोबाईलनं सगळं लिवलं. काठ, वाट, राव, सगळं, एक अक्षर चुकलं न्हाय. आता उखाणा पुसून निस्तं नाव ठेवायचं तर शेवटापास्नं पुसत यावं लागणार, आणि बोट चुकून जरा जास्त दाबलं तर नावच पुसलं जाणार. सासऱ्याचं नाव लिवणं वाईट, मग पुसणं? मी उखाणा तसाच ठेवला, फुडं आप्पांचं आडनाव तेवढं हातानं लिवलं, आडनावाला कुणाची आडकाठी न्हाय, आणि पाठवून दिला.

रातभर झोप न्हाय. सकाळी उत्तर आलं. 'खुलाशाबद्दल आभार. छायाचित्रकाराचे नाव नोंदवले आहे. छायाचित्रे कायम राहतील.' पळत खाली गेले. आप्पांनी भिंग धरलं, मी फोटोच्या खालचं वाचून दाखवलं, "छायाचित्रकार," आणि गप बसले, आणि मग आडनाव वाचलं.

"बाकी सगळं वाचतीस," आप्पा म्हणले, "तेवढं माझ्याच नावाला मुकी हुतीस व्हय?" मग म्हणले, "अज्ञात गेलं न्हवं?"

"गेलं."

"चहा आण. दोन चमचं साखर."

त्यानंतर त्यांनी एक डोळा कापून घेतला. उजवा. डावा कॅमेऱ्याला लागत न्हाय, म्हणले.

आता आम्ही तिथं ऱ्हात न्हाय. ह्यांना फौंड्रीजवळ खोली मिळाली. सामान टेम्पोत चढवलं तवा आप्पांनी दुकानाच्या फळ्या काढल्या, म्हणले, पोरीला आण. पेटीतनं जुना कॅमेरा काढला, रोल कुठनं पैदा केला देव जाणे. मला वाटलं आता तिलाबी कोट घालणार. न्हाय घातला. पोरगी कॅमेऱ्याकडं बघून खदाखदा हसाय लागली, मी भ्याले, गप गं म्हणलं. आप्पा म्हणले, "हसू दे तिला." नंतर फोटो धुवून आला, खाली पट्टी, पट्टीवर शिक्का. आणि पोरीचं डोस्कं वरच्या कडंला टेकलेलं. वर जागाच न्हाय. जल्मात पयल्यांदा त्यांनी हाराला जागा सोडली न्हवती. ते सांगिटलंबी न्हाय त्यांनी, मीच बघितलं.

इथवर सगळं बरं झालं म्हणून मी सोडलं असतं. पण परवा परत भाकरी तव्यावर असताना मोबाईल वाजला. तांबडी न्हाय, पिवळी चौकट. 'आपण सादर केलेल्या खुलाशात एक पद्यरचना आढळली. ती आपली स्वतःची आहे काय? नसल्यास मूळ रचनाकाराचे नाव नोंदवावे.'

आत्तीला इचारलं. आत्ती म्हणली, "माझ्या सासूनं शिकीवला. तिला तिच्या आत्यानं. आधी काठ लाल हुता, मोरपंखी मी केला. नाव जिनं तिनं आपापल्या नवऱ्याचं घातलं."

"मग उखाणा कुणाचा?"

"आडवलेल्या बाईचा," म्हणली, आणि लसूण सोलाय लागली.

आप्पांना फोन केला. मला वाटलं, हा माणूस तरी सांगंल, जल्मभर हेच केलंय. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, "पोरी, ह्याला पट्टीच न्हाय. शिक्का कुठं मारायचा?"

चौकट अजून तशीच हाय. नाव घातल्याबिगर फुडं जाऊ देत न्हाय. माझं घालावं तर परत चोरी. आत्तीचं घालावं तर तिच्या सासूनं काय केलं, सासूचं घालावं तर तिच्या आत्याचं नावच कुणाला म्हाईत न्हाय. आणि चौकटीच्या खाली एक बारकं बटण दिलंय, तेवढं दाबलं की सुटका, त्याच्यावर लिवलंय 'अज्ञात'. दोनदा बोट तिथं नेलं, आणि दोन्ही टायमाला आप्पांचं तोंड डोळ्याफुडं आलं. तुम्ही असता तर त्या चौकटीत काय लिवलं असतं, सांगा की.